डेल्फ्टच्या कापड दुकानदाराने पाहिलेला थेंब

मूल होत नाही म्हणून जोडपे डॉक्टरांकडे येते, तेव्हा बहुधा बाईच्या हातात जाडजूड फाइल असते. सोनोग्राफी झालेली असते, हार्मोनच्या तपासण्या झालेल्या असतात, गर्भनलिकांचा एक्स-रे झालेला असतो, कधी कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र राहून गेलेली असते. खरे तर सगळ्या फाइलीत सर्वांत स्वस्त, बिनदुखी आणि एका दिवसात उत्तर देणारी तपासणी तीच. एक स्वच्छ डबी आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर ती होते. हा थेंब भिंगाखाली धरून आत काय आहे ते जगाला पहिल्यांदा कळवले १६७७ साली, आणि कळवणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो कापडाचा दुकानदार होता.

अँटनी व्हॅन ल्युवेनहॉकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील बुरूडकाम करायचे, टोपल्या विणायचे. अँटनी लहान असतानाच ते वारले. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही, आणि डचशिवाय दुसरी भाषा त्याला येत नव्हती. सोळाव्या वर्षी तो अ‍ॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. १६५४ मध्ये गावी परतून त्याने लग्न केले, घर घेतले आणि दुकान थाटले. कापडातले धागे मोजून त्याचा कस पाहण्यासाठी तेव्हाचे व्यापारी भिंग वापरत. त्याचीही भिंगाशी ओळख बहुधा तिथेच झाली असावी.

घरात सुख फार काळ टिकले नाही. पहिली पत्नी बार्बरा १६६६ मध्ये गेली. तिच्यापासून झालेल्या पाच मुलांपैकी एकटी मारिया जगली. पुढे १६७१ मध्ये त्याने कॉर्नेलियाशी दुसरे लग्न केले. दरम्यान गावाच्या कचेरीत त्याला दालनाच्या व्यवस्थेची नोकरी मिळाली होती. दारे उघडायची, शेगडी पेटवायची, साफसफाई करून घ्यायची, असे ते काम. पुढे तो जमिनीचा मोजणीदार झाला, दारूच्या पिंपांची मापे तपासणारा झाला. याच गावात, त्याच्याच जन्माच्या महिन्यात बाप्तिस्मा झालेला चित्रकार व्हर्मीर कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा मालमत्तेची निरवानिरव करायला गावाने ल्युवेनहॉकलाच नेमले. मोजमाप आणि हिशेब हा त्याचा पिंड होता, हे लक्षात ठेवावे. पुढच्या गोष्टीत ते कामाला येते.

फावल्या वेळात तो भिंगे करायचा. त्याचा सूक्ष्मदर्शक म्हणजे पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यात बसवलेले मण्याएवढे एकच भिंग आणि नमुना धरायला एक टोकदार खिळा. हे यंत्र तळहातात मावे. ते डोळ्याशी भिडवून उजेडाकडे पाहायचे. आज शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत चांगले भिंग वस्तू सुमारे २६० ते २७० पट मोठी दाखवते. त्या काळी इतर कोणाकडे याच्या जवळपास जाणारे साधन नव्हते. १६७३ मध्ये डेल्फ्टचाच तरुण डॉक्टर रेनिए द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या दुकानदाराची शिफारस केली. वृषण म्हणजे बारीक नळ्यांचे गुंताडे आहे, हे दाखवणाऱ्यांपैकी हाच तो द ग्राफ. काही महिन्यांतच, वयाच्या ३२ व्या वर्षी तो वारला. पण पत्रव्यवहार सुरू झाला होता, आणि तो पुढे पन्नास वर्षे चालला.

मिरी तिखट का लागते, मिऱ्याच्या दाण्याला काटे असतात की काय, हे पाहायला ल्युवेनहॉकने १६७६ मध्ये मिरी पाण्यात भिजत घातली. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ही मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्याकडूनही तिकडे जाई. याच कंपनीची एक वखार वेंगुर्ल्यालाही होती. काटे सापडले नाहीत, पण त्या पाण्यात इतके सूक्ष्म जीव वळवळताना दिसले की लंडनकरांचा विश्वास बसेना. जिवाणू माणसाला पहिल्यांदा दिसले ते असे.

पुढच्याच वर्षी लायडनहून योहान हॅम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी त्याच्याकडे आला. बरोबर काचेच्या बाटलीत परमा झालेल्या एका माणसाचे वीर्य होते. हॅमला त्यात शेपटीचे बारीक जीव दिसले होते. रोगाने वीर्य कुजले आणि त्या कुजण्यातून हे जीव जन्मले, अशी त्याची समजूत. घाणीतून किडे आपोआप पैदा होतात असे तेव्हा शिकलेले लोकही मानत, त्यामुळे हॅमला हसण्याचे कारण नाही.

ल्युवेनहॉकने पाहिले, जीव खरेच होते. पण रोग्याचा नमुना पाहून रोगाबद्दल निष्कर्ष काढायचा, तर शेजारी निरोगी नमुना ठेवायला हवा. कापडाचा कस ठरवतानाही चांगला तागा बाजूला ठेवूनच दुसरा पाहतात. निरोगी नमुना त्याच्या घरातच होता. वैवाहिक संबंधानंतर नाडीचे सहा ठोके पडायच्या आत त्याने स्वतःचे वीर्य भिंगाखाली घेतले. तेच जीव, आणि असंख्य. वाळूच्या कणाएवढ्या जागेत हजारभर तरी असतील असा त्याने अंदाज बांधला. गोलसर डोके, पारदर्शक लांब शेपूट, आणि पाण्यात साप किंवा वाम पोहावी तशी वळवळ. म्हणजे हे जीव रोगाचे नव्हते, निरोगी पुरुषाचेच होते.

ही गोष्ट लिहून पाठवणे सोपे नव्हते. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या सचिवाने त्याला वीर्य तपासून पाहायला सुचवले होते, तेव्हा किळस आणि संकोच वाटून त्याने ते अर्धवट सोडले होते. आता तो ४५ वर्षांचा होता, गावात नाव होते, घरात पत्नी आणि वयात आलेली मुलगी होती. नोव्हेंबर १६७७ मध्ये त्याने सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्रंकर यांना पत्र लिहिले. नमुना कोणत्याही पापाचरणाने मिळवलेला नाही, पत्नीच्या सहवासातला आहे, हे आवर्जून नमूद केले. हा मजकूर विद्वानांना किळसवाणा किंवा अशोभनीय वाटला, तर तो खुशाल नष्ट करावा, अशी मोकळीकही दिली. सोसायटीने तो नष्ट केला नाही, लॅटिनमध्ये छापला. आज पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर डबी हातात घेऊन खाली मान घालणाऱ्या तरुणाची अवघड अवस्था या माणसाला नेमकी समजली असती.

वीर्य आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या पत्राचा सर्वांत उपयोगी धडा. नुसत्या डोळ्याला दिसते ते बहुतांशी वाहक द्रव, आणि ते शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींतून येते. वृषणातून येणारा भाग शंभरात जेमतेम दोन ते पाच. म्हणूनच नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात वरवर काही फरक पडत नाही. घट्टपणा, रंग, प्रमाण यांवरून शुक्राणू आहेत की नाहीत हे कोणालाच सांगता येत नाही. तसेच लैंगिक क्षमतेचे. संबंध व्यवस्थित आहेत, म्हणजे माझ्यात दोष नाही, असे सांगणारे पुरुष हटकून भेटतात. पण सुमारे शंभरात एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात, आणि त्यांतल्या अनेकांना याची पुसट कल्पनाही नसते.

ल्युवेनहॉक तिथे थांबला नाही. हे जीव येतात कुठून, हा पुढचा प्रश्न. त्याने कुत्रे, ससे, मासे, कोंबडे, कीटक असे कितीतरी प्राणी उघडून पाहिले. वृषणात आणि शुक्रवाहिनीत त्याला तेच जीव सापडले. म्हणजे वृषण हा कारखाना आणि वाहिनी हा रस्ता. पुरुषाच्या प्रजननक्षमतेत उणेपणा का येतो, याचा विचार आजचा डॉक्टरही याच दोन ठिकाणांपासून सुरू करतो: माल कमी तयार होतो, की तयार होऊन वाटेत अडतो?

रस्ता अडण्याचे एक कारण हॅमच्या बाटलीतच होते. परमा किंवा क्लॅमिडियासारखा संसर्ग वेळेवर बरा केला नाही, तर वृषणामागची बारीक नळी, एपिडिडायमिस, सुजते आणि पुढे व्रण धरून बंद होते. क्षयरोगही हेच करतो, आणि आपल्या देशात ते विसरून चालत नाही. काही पुरुषांमध्ये शुक्रवाहिनी जन्मतःच नसते, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत तिला क्वचित इजा होते. मधुमेह जुना असेल तर नसांच्या बिघाडामुळे वीर्य बाहेर येण्याऐवजी उलटे मूत्राशयात जाते.

कारखान्यातील बिघाडांची यादी याहून मोठी. सर्वाधिक आढळणारा दोष व्हेरिकोसील. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूला. पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरांचाच हा प्रकार. सर्वसाधारण पुरुषांत तो शंभरात १५ जणांना असतो, मूल न होणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० जणांना. असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, म्हणून प्रत्येकाची शस्त्रक्रियाही करायची नसते. यात घोळ होतो तो मुख्यतः तापमानाचा. वृषणे पोटाबाहेर पिशवीत असतात त्याला कारण आहे, तिथे शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. बाळाची वृषणे खाली उतरलेली नसतील, तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ती खाली आणतात ते याचसाठी. पोटात राहिलेल्या वृषणात शुक्राणू नीट घडत नाहीत, आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. भट्टीशी दिवसभर उभे राहणे, गरम पाण्याच्या टबात वारंवार बसणे यांनीही संख्या घटू शकते.

वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि ते वृषणात उतरले, तर एक किंवा दोन्ही वृषणे आक्रसतात. मुलांना लस द्यायची ती या भीतीनेही. काही दोष जनुकांतच असतात. एक्स गुणसूत्र जास्तीचे असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम साधारण ६०० पुरुषांत एकाला असतो, आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ता लागतो तो मूल न झाल्यावर. कर्करोगाची केमोथेरपी शुक्राणू घडवणाऱ्या पेशी मारू शकते. म्हणून तरुण रुग्णाने उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवायचे असते, हे कोणीतरी आठवणीने सांगावे लागते.

आणि मग जिममधली इंजेक्शने. पौरुष वाढावे, दंड फुगावेत म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी समजते पुरवठा भरपूर आहे, आणि वृषणांना जाणारा हुकूम थांबवते. शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते. बंद केल्यावर ती बहुधा परत येते, पण महिनोन्‌महिने लागतात. मर्दानगीच्या नावाने विकत घेतलेली ही वंध्यता आहे, आणि दुर्दैवाने ती वाढत्या प्रमाणात पाहायला मिळते. तंबाखू, जास्त दारू, लठ्ठपणा यांचा परिणाम इतका ठळक नसतो, पण आधीच काठावर असलेल्या पुरुषाला तो पलीकडे ढकलायला पुरतो.

ल्युवेनहॉकच्या पत्रानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथे कीटकनाशकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या पुरुषांच्या आपसातल्या बोलण्यात आले की कोणालाच मूल होत नाही. त्यांनीच तपासणीचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. कारण होते डीबीसीपी, मातीतल्या सूत्रकृमींना मारणारे रसायन. अमेरिकेत त्यावर पुढे बंदी आली. डॉक्टरने मूल न होणाऱ्या पुरुषाला धंदा काय करता हे विचारायचे असते, ते या प्रकरणापासून कोणी विसरू नये.

ल्युवेनहॉकचा मोजणीदार स्वभाव १६७९ च्या पत्रात उफाळून आला. कॉड माशाच्या वीर्यपिंडात शुक्राणू किती, याचा त्याने हिशेब मांडला: १५० अब्ज. मग हॉलंडच्या वस्तीची घनता घेऊन सगळी पृथ्वी तशीच भरली तर माणसे किती होतील, तेही काढले: १३ अब्ज ३८ कोटी ५० लाख. एका माशात पृथ्वीवर मावतील त्या माणसांच्या दहापटीहून अधिक जीव! पृथ्वीवर किती माणसे राहू शकतील याचा हा अगदी सुरुवातीचा अंदाज मानला जातो, आणि तो निघाला माशाच्या पोटातून.

आजची वीर्यतपासणी हीच मोजणी करते, चौकटी आखलेल्या काचेवर. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतरचा नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के आणि घडणीने निर्दोष ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून रिपोर्ट हातात घेतलेल्या पुरुषांची झोप उडते. पण सुदृढ बापांमध्येही बहुसंख्य शुक्राणू वेडेवाकडेच असतात. या मर्यादांच्या खाली असलेल्या अनेकांना मुले होतात आणि वर असलेल्या काहींना होत नाहीत. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही, हेही महत्त्वाचे. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला मोठा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो, आणि आज सोडलेल्या सिगारेटचा फायदा तीन महिन्यांनी.

एवढे अचूक पाहणाऱ्या माणसाची एक समजूत मात्र साफ चुकली. पुढचे मूल पूर्णपणे या शेपटीच्या जीवात आहे, स्त्री त्याला फक्त जागा आणि पोषण पुरवते, असे तो ठामपणे मानत असे. स्त्रीच्या शरीरातही बीज असते असे सांगणाऱ्या द ग्राफचे, म्हणजे ज्याने त्याला जगापुढे आणले त्याचेच, म्हणणे त्याने आयुष्यभर खोडून काढले. पुराव्यादाखल त्याने सशांचे उदाहरण दिले. करड्या रानटी नराची पांढऱ्या मादीशी जोडी लावली तर पिल्ले सगळी करडी निघतात, तेव्हा आईचा वाटा काहीच नाही, असा त्याचा तर्क. करडा रंग प्रभावी असतो म्हणून तसे होते, हे कळायला मेंडेलच्या नियमांपर्यंत थांबावे लागले. पण शुक्राणूच्या डोक्यात हातपाय दुमडून बसलेल्या इवल्या माणसाचे चित्र हार्टसूकरने १६९४ मध्ये काढले, ते ल्युवेनहॉकच्या माथी मारू नये. १६९९ मध्ये तसा माणूस प्रत्यक्ष पाहिल्याचा दावा कोणी केला, तेव्हा त्याने तो धुडकावून लावला. त्याला दिसले नव्हते. शुक्राणू आणि बीज यांचे केंद्रक एकत्र येतात, हे ऑस्कर हर्टविगने समुद्री साळिंद्रात दाखवले ते १८७६ मध्ये.

पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. गंमत अशी की सगळे बीजच, असे मानणाऱ्या समाजांनी पीक आले नाही तेव्हा बियाणे कधी तपासले नाही. दोष शेताला दिला, दुसरे शेत आणले. दुसऱ्या लग्नातही मूल न झालेल्या घरांच्या आठवणी अनेक गावांत आहेत. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकदमच तपासायचे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच.

तपासून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एवढे पुरे: अडलेला रस्ता काही वेळा शस्त्रक्रियेने मोकळा होतो, व्हेरिकोसील दुरुस्त करता येते, पिट्युटरीच्या कमतरतेवर इंजेक्शने आहेत. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची इक्सी पद्धत उपलब्ध आहे. वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी कधी कधी तो थेट वृषणातून काढता येतो. ल्युवेनहॉकला कुत्र्याच्या वृषणात तो सापडला होता तसाच. मात्र ३० ते ४० टक्के पुरुषांत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही, आणि नेमक्या त्यांच्याच खिशावर जाहिरातीतली चूर्णे आणि कॅप्सूल टपलेल्या असतात.

१६८० मध्ये रॉयल सोसायटीने या अल्पशिक्षित दुकानदाराला सदस्य करून घेतले. सभेला तो कधी गेला नाही. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्याला भेटला आणि वाम माशाच्या शेपटीतले रक्ताभिसरण भिंगातून पाहून गेला. कॉर्नेलिया १६९४ मध्येच वारली होती, पुढे मारियाने बापाला सांभाळले. शेवटच्या आजारात छातीखालचा पडदा आपोआप फडफडत असे. त्याचेही त्याने तपशीलवार वर्णन लिहिले, आणि त्या दुर्मीळ आजाराला आज त्याचे नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदी उलटल्यावर, तो गेला. मरणाच्या दारातही त्याने मित्राला आपली दोन पत्रे लॅटिनमध्ये करून लंडनला पाठवायला सांगितले होते.

त्याने ठरवून ठेवल्याप्रमाणे मारियाने चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची एक पेटी सोसायटीला पाठवली. ती पुढे हरवली. त्याच्या शेकडो भिंगांपैकी आता मोजकीच उरली आहेत. त्याने पाठवलेली पत्रे मात्र लंडनमध्ये जपून ठेवलेली आहेत. खुशाल नष्ट करा असे सांगून पाठवलेले ते निरीक्षणही छापील रूपात आजतागायत वाचता येते.